स्वप्नातला मंगळवार

प्रेरणादायी व्याख्यानांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९५३ साली शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारले गेले, की आयुष्याची उद्दिष्टे तुम्ही कागदावर लिहून ठेवली आहेत का? ३ टक्के विद्यार्थी ‘हो’ म्हणाले. वीस वर्षांनी पाहिले, तर त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त निघाली. १९९६ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने या गोष्टीचा माग काढला. ती सांगणाऱ्या नामांकित वक्त्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले आणि येलमध्ये अशी पाहणी झाल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. तरीही गोष्ट आजही सांगितली जाते, कारण ती ज्या गरजेला हात घालते ती गरज खरी आहे. पस्तिशी-चाळिशीत नोकरी चालू असते, घराचे हप्ते चालू असतात आणि हेच पुढची वीस वर्षे करत राहायचे का, हा प्रश्न मनातून हलत नाही. अशा माणसाला सांगितले जाते, की डोळे मिटा, दहा वर्षांनंतरचे आपले आयुष्य बघा, त्याचे चित्र भिंतीवर लावा, बाकीचे आपोआप घडत जाईल.

डोळे मिटून पाहायला माझी हरकत नाही. भविष्याची कल्पना केल्याशिवाय कोणी कधी काही बदललेले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपण त्या आयुष्यातले सण पाहतो आणि त्यातला मंगळवार पाहायचा राहून जातो. मंगळवार म्हणजे ज्या दिवशी विशेष काही घडत नाही असा कोणताही दिवस. आयुष्य बहुतांशी अशाच दिवसांचे असते. त्यामुळे नियोजनही त्या दिवसापासून सुरू करायला हवे. गेल्या चार-पाच दशकांतील मानसशास्त्रीय संशोधन याच दिशेला बोट दाखवते.

मुळात मन भविष्य पाहते कसे, ते आधी पाहू. लंडनमध्ये डेमिस हसाबिस आणि एलेनॉर मॅग्वायर यांच्या गटाने २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झाल्यामुळे ज्यांची स्मृती गेली होती, अशा पाच रुग्णांना त्यांनी साध्या कल्पना करायला सांगितल्या. उदाहरणार्थ, तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात, काय दिसते? बहुतेक रुग्णांना सलग दृश्य उभेच करता आले नाही. कुठे निळा रंग, कुठे एखादा आवाज, असे सुटे तुकडे त्यांच्या हाती लागत होते. म्हणजे भूतकाळ आठवायला मेंदूचा जो भाग लागतो, तोच कल्पना करायलाही लागतो. जुना वाडा उतरवून त्याच्याच तुळया आणि दारे वापरून नवे घर उभारावे, तसे मन आठवणींच्या सामानातून भविष्य बांधते. ज्या आयुष्याचा आपल्याला अनुभवच नाही त्याचे सामान आपल्याकडे नसते, आणि मग ती जागा सिनेमा, जाहिराती आणि इतरांनी टाकलेले फोटो भरून काढतात.

मुंबई-पुण्यातल्या अनेकांच्या मनात असलेले एक स्वप्न घ्या. नोकरी सोडायची, कोकणात जायचे आणि होमस्टे काढायचा. मनात जे दिसते ते साधारण ठरलेले असते. मातीचा ओटा, पलीकडे माड, पानात सोलकढी आणि खूश झालेले पाहुणे. आता त्या होमस्टेतला फेब्रुवारीतला मंगळवार पाहा. पहाटे साडेपाचला पंप सुरू होत नाही. वीज नाही, की फ्यूज गेला आहे, हे आधी शोधायचे. तीन खोल्यांच्या चादरी काल रात्री धुवायच्या राहिल्या. कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी लग्न आहे, त्या शुक्रवारपर्यंत यायच्या नाहीत. आदल्या रात्री अकराला फोन करून कोणीतरी ‘सुरमई मिळेल ना’ म्हणून विचारले होते, सकाळी बंदरावर सुरमई नाही, आणि असली तरी भाव असा की ठरवलेल्या थाळीत ती बसत नाही. दुपारी एका पाहुण्याने बुकिंग रद्द केले. जूनपासून पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहणार, त्या महिन्यांचा खर्च आत्ताच बाजूला काढायचा. हे वर्णन कोणाला घाबरवण्यासाठी केलेले नाही. असा दिवस वाचूनही एखाद्याला वाटेल, की चालेल, मला हे हवे आहे. त्या माणसाने खुशाल कोकणात जावे. ज्याला फक्त ओटा आणि माड हवे आहेत, त्याने वर्षातून दोनदा पाहुणा म्हणून जावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

हा फरक न कळल्यामुळे माणसे किती चुकतात, हे डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमन यांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यांनी कॅलिफोर्नियात आणि अमेरिकेच्या थंड मध्य-पश्चिम भागात शिकणाऱ्या सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांना विचारले, की तुम्ही आयुष्याबाबत किती समाधानी आहात? दोन्हीकडचे समाधान जवळजवळ सारखे निघाले. मात्र कॅलिफोर्नियातली माणसे जास्त सुखी असणार, असा दोन्हीकडच्यांचा अंदाज होता. कारण तुलना करताना डोळ्यांसमोर हवामान येते. तिथे राहणारा माणूस दिवसभर हवामानाचा विचार करत नाही, त्याच्यासमोर त्याची कामे, त्याची माणसे आणि त्याची देणी असतात. ‘परदेशात गेलो की सगळे मार्गी लागेल’ किंवा ‘गावी परतलो की शांत वाटेल’, या दोन्ही वाक्यांत हीच चूक दडलेली असते.

याच्या उलट, ज्या गोष्टी रोज घडतात त्यांना आपण फार कमी किंमत देतो. काहनेमन, अ‍ॅलन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवून लिहायला सांगितला आणि प्रत्येक प्रसंगी कसे वाटत होते ते नोंदवून घेतले. सर्वांत कमी सुखाच्या वेळांत सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास होता. जर्मनीतील मोठ्या पाहणीच्या आधारे ब्रुनो फ्राय आणि अ‍ॅलॉइस स्टुट्झर यांनी दाखवले, की लांबच्या प्रवासाची भरपाई पगाराने किंवा मोठ्या घराने व्हायला हवी, पण प्रत्यक्षात ती होत नाही. लांबून येणाऱ्यांचे आयुष्याबद्दलचे समाधान कमीच राहते. बदलापूर किंवा विरारहून रोज लोकल पकडणाऱ्याला हे सांगायला संशोधक लागत नाहीत. तरीही नवी नोकरी निवडताना आपण पगार आणि पद यांची तुलना तासन्‌तास करतो आणि प्रवासाचा प्रश्न ‘होईल सवय’ म्हणून सोडून देतो. प्रवासाची खरी सवय होत नाही. मोठ्या पदाची मात्र होते, आणि तीही लवकर.

व्हिजन बोर्डवाले, म्हणजे असे चित्र भिंतीवर लावायला सांगणारे, यावर म्हणतील, की चित्र अपुरे असेल, पण त्यातून उमेद तर मिळते ना? इथे गॅब्रिएल ओटिंगन यांचे संशोधन महत्त्वाचे ठरते. मूळच्या जर्मन असलेल्या या मानसशास्त्रज्ञ तीसहून अधिक वर्षे याच प्रश्नावर काम करत आहेत. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात सामील झालेल्या स्त्रियांचा त्यांनी टॉमस वॉडन यांच्यासह केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला यश मिळेल असा सकारण विश्वास असलेल्यांचे वजन जास्त उतरले. पण बारीक झाल्यानंतरच्या स्वतःची गोड गोड चित्रे रंगवणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा कमी उतरले. २००२ मध्ये त्यांनी नुकत्याच पदवीधर झालेल्यांकडे पाहिले. चांगल्या नोकरीची दिवास्वप्ने वारंवार रंगवणाऱ्यांना दोन वर्षांनंतर नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी होता. पुढे २०११ मध्ये हेदर कॅपेस यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांत त्याचे एक कारण पुढे आले. मनासारखे झाल्याची कल्पना रंगवल्यावर लोकांचा सिस्टॉलिक रक्तदाब, म्हणजे अंगातल्या तयारीची एक खूण, खाली येतो. गोष्ट मिळालीच, असे समजून शरीर सैल होते. उमेद मिळाल्यासारखे वाटते त्याच क्षणी ती खर्चही होत असते.

मग कल्पना कशाची करायची? लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने रोज काही मिनिटे उत्तम गुण मिळाल्याचे दृश्य पाहायचे होते. दुसऱ्याने अभ्यास करत असल्याचे दृश्य पाहायचे होते: टेबल, पुस्तक, बंद टीव्ही, बाहेर बोलावणाऱ्या मित्राला दिलेला नकार. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि गुणही जास्त मिळवले. गुणांचे दृश्य पाहणाऱ्या गटाचा अभ्यास उलट कमी झाला. मंगळवार पाहायचा तो यासाठी. ओटिंगन यांची पद्धतही याच अंगाने जाते. हवे ते मनात आणा, लगेच त्याच्या आड येणारी आपल्या आतली अडचण शोधा आणि तिच्यावरचा उपाय ‘असे झाले, तर मी असे करीन’ या साच्यात पक्का करा. या ‘जर-तर’ योजनांवर पीटर गोल्विट्झर यांनी मोठे काम केले आहे. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा योजनांचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. ‘रोज एक तास डिझाइन शिकेन’ हा संकल्प फसतो. ‘मुलीचा डबा धुऊन झाला, की फोन स्वयंपाकघरातच ठेवून टेबलाशी बसेन’ हे टिकण्याची शक्यता जास्त, कारण त्यात वेळ, जागा आणि अडथळा तिन्ही आले.

तरीही एक भगदाड उरते. समजा, आपण मंगळवार अगदी बारकाईने पाहिला, पण तो जगणारा माणूस आजचा नसेल तर? जोर्डी क्वाडबाक, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांचा २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास १९ हजारांहून अधिक लोकांवर आधारलेला आहे. मागच्या दहा वर्षांत आपण खूप बदललो, असे सर्व वयांचे लोक सांगतात आणि पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही, असेही त्याच वयांचे लोक सांगतात. विशीतला असो की पन्नाशीतला, प्रत्येकाला वाटते, की आपली घडण आता पूर्ण झाली. म्हणून आजच्या आवडीवर वीस वर्षांचा आराखडा बांधणे धोक्याचे आहे. दिशा ठरवावी, पुढचे एक-दोन टप्पे बारकाईने आखावेत आणि त्यापुढची जागा मोकळी ठेवावी.

यावर एक आक्षेप असा, की मोठी कामे करणारी माणसे अशी हिशेबी नव्हती. त्यांनी एक भव्य स्वप्न पाहिले आणि आयुष्य त्यात ओतले. महर्षी धोंडो केशव कर्व्यांकडे पाहिले, तर हा आक्षेप टिकत नाही. महिला विद्यापीठाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि विद्यापीठ हे जणू तरुणपणापासूनचे त्यांचे ध्येय होते, असे धरून चालतो. प्रत्यक्षात मुरूडचा हा मुलगा परीक्षा देण्यासाठी डोंगर-घाट ओलांडत पायी साताऱ्याला गेला, तो साध्या सहावीच्या परीक्षेसाठी, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. पुढे ते गणित शिकले आणि १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, गावाचा बहिष्कार सोसला आणि विधवाविवाहाच्या प्रचारासाठी मंडळी स्थापन केली. त्या कामातून विधवांना आधी शिक्षण हवे, या निष्कर्षाकडे ते आले आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. आश्रम हिंगण्याला गेल्यावर कॉलेजचे तास संपवून ते पायी हिंगण्याला जात, तेही नोकरी न सोडता. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती आली, १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी भारतातही तसे विद्यापीठ हवे अशी मांडणी केली आणि १९१६ मध्ये ते मोजक्या विद्यार्थिनींना घेऊन सुरू केले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते. सर विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी आली ती १९२० मध्ये. ७८ व्या वर्षी त्यांनी पुन्हा नवे काम हाती घेतले, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचे.

या क्रमात पुढचे प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाने दाखवलेल्या अडचणीतून उचललेले दिसते. ओढ एकच राहिली, योजना चार वेळा बदलली. १८९३ मध्ये कोणी त्यांना वीस वर्षांनंतरचे चित्र काढायला सांगितले असते, तर त्यात विद्यापीठ असण्याचे कारणच नव्हते, कारण ते सुचायला लागणारा अनुभव त्यांनी अजून घेतलेला नव्हता. पूर्ण आराखडा हाती येईपर्यंत थांबणाऱ्यांनी कर्व्यांची ही रीत आवर्जून अभ्यासावी असे मला वाटते.

थोडक्यात, भविष्य कल्पायला लागणारे अनुभवाचे सामान हव्या त्या कामाच्या जवळ जाऊनच मिळते. शाळेत शिकवावेसे वाटणाऱ्या इंजिनीअरने नोकरी सोडण्याआधी वर्षभर शनिवारी एखादा वर्ग घ्यावा. जे सहा-सात वर्षे ते काम करत आहेत त्यांना गाठावे आणि ‘आवडते का’ हे न विचारता ‘काल दिवसभर काय केले’ हे विचारावे. गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले आहे, की एखादा अनुभव आपल्याला कसा वाटेल हे स्वतः कल्पून सांगण्यापेक्षा, तो नुकताच घेतलेल्या अनोळखी माणसाला कसा वाटला हे ऐकून केलेला अंदाज जास्त बरोबर येतो. आपण मात्र असा सल्ला फारसा मानत नाही, कारण आपले वेगळे आहे असे प्रत्येकाला वाटते.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. हे सारे पोट भरलेल्यांचे बोलणे आहे. कंत्राटी कामगाराने किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने कसला मंगळवार निवडायचा? आक्षेपात तथ्य आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या उसाच्या तोडीआधी आणि तोडीनंतर घेतल्या. पैशाची चणचण असताना त्याच माणसांची कामगिरी खालावलेली आढळली. चणचण विचाराची जागाच खाते. म्हणून अशा माणसाला ‘मोठे स्वप्न बघ’ सांगणे निर्दयपणाचे आहे, आणि पगाराची खात्री, विमा, मुलांची फी हे प्रश्न नियोजनाच्या पुस्तकांनी सुटणार नाहीत. पण त्याच अभ्यासातून एक उपयोगी गोष्टही निघते. मोठे निर्णय हाती पैसे असतानाच्या दिवसांत घ्यावेत; कर्जाच्या तारखेच्या आदल्या रात्री घेऊ नयेत. कामातच थोडा बदल करण्याची वाटही असते. एमी रझेस्नेव्हस्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून दाखवले, की त्यांतले काही स्वतःला रुग्णाच्या बरे होण्याचा भाग मानत, रुग्णांशी बोलत, नातेवाइकांना वाट दाखवत, आणि त्यांना काम अर्थपूर्ण वाटे. हा दाखला कमी पगाराचे समर्थन म्हणून वापरला जातो, तेव्हा मात्र त्याला ठाम विरोध करायला हवा. कामात अर्थ सापडला म्हणून मजुरीचा हक्क कमी होत नाही.

या सर्वाची खरी कसोटी आज पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत लागते. मराठवाडा-विदर्भातून आलेली हजारो मुले-मुली कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन, अभ्यासिकेत बारा-बारा तास बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. डोळ्यांसमोर काय असते? निकालाचा दिवस, गुलाल, गावातली मिरवणूक. अधिकाऱ्याचा मंगळवार, म्हणजे फायली, सुनावण्या, पंचनामे आणि वरून येणारे फोन, तयारीच्या काळात फारसा कोणी पाहिलेला नसतो. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, त्यामुळे ‘आता पुरे’ असे बाहेरून सांगणारेही कोणी नसते. त्यात खर्च झालेली वर्षेच पुढे ढकलत राहतात. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये दाखवले होते, की नाटकाच्या हंगामी पासाला पूर्ण पैसे मोजलेले प्रेक्षक सवलतीत पास मिळालेल्यांपेक्षा जास्त प्रयोगांना आले. नाटके तीच होती, फक्त मोजलेला पैसा जास्त होता. पाच वर्षे मोजलेल्याला सहावे वर्ष सोडणे त्याहून कितीतरी अवघड जाते.

ओटिंगन यांच्या पद्धतीची एक बाजू प्रेरणेच्या व्याख्यानांत कधी येत नाही. हवे ते आणि आड येणारे शेजारी ठेवून पाहिले, की शक्यता चांगली असलेली माणसे नेटाने पुढे जातात आणि शक्यता कमी असलेली माणसे त्या ध्येयातून वेळीच बाहेर पडतात. दुसरा परिणामही यशच आहे. म्हणून तयारी सुरू करतानाच, मन ताजे असताना, आई-वडिलांसह बसून तीन गोष्टी लिहून काढाव्यात: किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, आणि त्या काळात सोबत कोणते दुसरे कौशल्य शिकायचे. पूर्व परीक्षेत सलग दोनदा ठरवलेल्या गुणांच्या खाली राहिलो, तर काय करायचे, हेही त्याच कागदावर यावे. आणि पहिल्याच वर्षी एखाद्या तहसील कार्यालयात आठवडाभर रोज जाऊन बसावे, तिथले काम कसे चालते ते पाहावे, नायब तहसीलदाराला वेळ असेल तर त्याचा कालचा दिवस विचारावा. आठवडाभराने त्या कामाची ओढ वाढलेली असेल, तर पुढच्या कष्टांना भक्कम आधार मिळेल. कमी झाली असेल, तर ते पंचविशीत कळलेले बरे, आणि घरच्यांनीही त्याला हार म्हणू नये.